हिमवती राणीची बोली

एका राज्यात राजाच्या तोंडून निघालेला शब्द परत फिरत नसे. तशी चालच होती. राजाच्या पणजोबांनी एकदा भर दुपारी ‘रात्र झाली’ असं म्हटलं, तेव्हा साऱ्या नगरीने दिवे लावून जेवणं उरकली आणि सूर्यही मुकाट्याने डोंगराआड जाऊन बसला. महाराज चुकले, असं कोणी म्हटलं नाही.

त्या राज्यात आणखी एक चाल होती. परमुलखातून सून आली की तिने सीमेवरच्या नदीत चूळ भरायची. चूळ टाकली की माहेरची भाषा पाण्यात गेली, असं समजायचं. कनकध्वज राजाची राणी उत्तरेच्या थंड बेटावरून आली होती. तिनेही चूळ भरली, हिमवती हे नवं नाव घेतलं, आणि वर्षभरात इकडची बोली अशी बोलू लागली की दरबारच्या भाटांच्या चुका काढून दाखवी. राजा खूश होता.

पुढे त्यांना मुलगी झाली. तिचं नाव वसुमती. ती लहान असताना एकदा तापाने फणफणली. राणी उशाशी बसून तिच्या केसांतून हात फिरवत होती, आणि काळजीच्या भरात तिच्या तोंडून आपल्या बेटाची बोली निघू लागली. नदीने ती नेलीच नव्हती. तेवढ्यात राजा खोलीत आला. परकी बोली कानावर पडताच त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तो म्हणाला, “हिला ती बोली एवढी प्यारी असेल, तर यापुढे हिच्या तोंडून दुसरं काही न निघो. पाखरासारखी तेवढंच बोलत राहो!”

दरबारचा मांत्रिक भुजंगनाथ तापाचा अंगारा घेऊन तिथेच उभा होता. राजाचा शब्द अमलात आणणं हे त्याचं काम. त्याने मंत्र म्हटला, अंगारा फुंकला आणि राणीचं पाखरू झालं. राखी पंखांचं, पांढऱ्या मानेचं, हंसाएवढं. मुलीचा ताप त्याच घटकेला उतरला. मंत्र वाया जात नाही, थोडा इकडेतिकडे सांडतो.

राजाला लगेच पश्चात्ताप झाला. पण शब्द निघून गेला होता आणि राजाचा शब्द परत फिरत नसे. राणीला कोणाची तरी दृष्ट लागली, असं सांगण्यात आलं. हे खोटं आहे हे प्रधानाला ठाऊक होतं, आचाऱ्यांना ठाऊक होतं, घोड्यांना चारा घालणाऱ्या मोतद्दारालाही ठाऊक होतं. वसुमतीलाही ठाऊक होतं. ती तापात होती, बहिरी नव्हती. पण सगळेच मूग गिळून बसले. मूल मोठ्यांचं पाहून शिकतं, तशी तीही गप्प राहायला शिकली.

ती खोली बंद झाली. दिवाणखान्यात चंदनाची दांडी टांगली, तिच्यावर पाखरू बसू लागलं. राजा रोज सकाळी स्वतःच्या हाताने त्याला अंजीर भरवी आणि मान फिरवून निघून जाई. वसुमती तिथेच वाढली, पाखराच्या पंखाला टेकून झोपली, त्याच्याशी बोलली. पाखरू तिला परक्या बोलीत उत्तर देई. आई बोलते आहे आणि आपल्याला कळत नाही, हे दुःख तिला कधी सवयीचं झालं नाही.

वसुमती वयात आली. त्या वर्षीच्या फाल्गुनात पाखरांचे थवे महालावरून उत्तरेकडे निघाले, तेव्हा आई दांडीवरून उठून खिडकीत जाऊन बसली. वसुमती तडक भुजंगनाथाकडे गेली.

“आईसाहेब खिडकीत का गेल्या?”

“पाखरू होत चालल्यात म्हणून,” भुजंगनाथ म्हणाला. “बाईपण हळूहळू झिजतं. पुढच्या फाल्गुनात त्या थव्याबरोबर जातील. मग त्यांना कोणी ओळखणार नाही, आणि त्याही कोणाला ओळखणार नाहीत.”

“उतारा?”

“आहे. राणीसाहेब तीन वाक्यं पुन्हा पुन्हा बोलतात. त्या तिन्ही वाक्यांसारखं वागणं या महालात घडलं पाहिजे, तेही त्यांच्या माहेरच्या रीतीने. म्हणजे त्या पुन्हा बाई होतील.”

“त्या वाक्यांचा अर्थ काय?”

“मला काय ठाऊक? मी मंत्र घालतो. अर्थ लावणं हे माझं काम नव्हे.”

बंदरावर दर्याजी नावाचा म्हातारा तांडेल होता. तरुणपणी तो गलबतं घेऊन त्या बेटावर जात असे. वसुमतीने राजाला सांगून त्याला बोलावलं. त्याने पाखरासमोर बसून कान दिला आणि सांगितलं, “शब्द कळतात, महाराज. पहिलं वाक्य, ‘बर्फ फोडा.’ दुसरं, ‘खोलीत हत्ती आहे.’ तिसरं, ‘आपले शब्द खा.’ यापलीकडे मला विचारू नका. मी तिथे मिऱ्यांचा भाव करत होतो, गप्पा मारत नव्हतो.”

राजाने कसर ठेवली नाही. उत्तरेच्या डोंगरांतून भुशात गुंडाळलेल्या बर्फाच्या लाद्या आणवल्या. भर दरबारात पहिलवानांनी घणाचे घाव घातले. बर्फाचा चुरा झाला, दरबाऱ्यांनी त्याचं सरबत करून प्यायलं. पाखराने पंखात डोकं खुपसलं.

मग हत्तीचा शोध सुरू झाला. नोकरांनी महालातली एकूण एक खोली धुंडाळली, फक्त त्या बंद खोलीचं कुलूप कोणी काढलं नाही. हत्ती सापडेना, तेव्हा नसेल तर आणावा, असं प्रधानाने सुचवलं. गजशाळेतला सर्वांत गरीब हत्ती निवडून दिवाणखान्यात घातला. दाराची चौकट गेली. हत्तीने पडदे खाल्ले, जाजमावर नको ते केलं आणि बाहेर यायला नकार दिला. माहूत रडकुंडीला आला. पाखरू ते सगळं फार बारकाईने पाहत होतं, पण पाखरूच राहिलं.

शेवटी आचाऱ्यांनी साखरेची अक्षरं पाडली. राजाने ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत सगळी मुळाक्षरं खाल्ली. दोन दिवस वैद्यबुवा महालातून हलले नाहीत. राजाच्या पोटात दुखत होतं आणि पाखरू दांडीवर बसून म्हणत होतं, ‘आपले शब्द खा.’

राजाने हात टेकले. वसुमती म्हणाली, “महाराज, मी बेटावर जाते. ज्यांची बोली आहे त्यांना विचारून येते.”

“जा,” राजा म्हणाला.

दर्याजीने गलबत काढलं. वाटेत एक बोलणारा मासा भेटला. त्याला दिशा विचारली, त्याने सांगितली. पुढे एका जागी समुद्र पायऱ्यापायऱ्यांचा होता, तिथे गलबत खांद्यावर घेऊन चढावं लागलं. त्यानंतर थंडी सुरू झाली. बेट दिसू लागलं तेव्हा बंदर गोठलेलं होतं. गलबत बर्फाच्या कडेला थांबून राहिलं.

तेवढ्यात किनाऱ्यावरून एक लहानशी होडी निघाली. तिच्यात एकच माणूस, हातात लोखंडी टोकाची काठी. तो बर्फ फोडत फोडत पुढे येत होता, आणि त्याच्यामागे काळ्या पाण्याची चिंचोळी वाट उघडत होती. ज्याची पाळी त्याने पहिलं निघायचं, अशी तिथली रीत. त्याची बोटं निळी पडली होती. त्याने हाताने खूण केली आणि त्या वाटेने गलबत बंदरात शिरलं. त्याचं नाव ओरिन. त्यानेच दोघांना आपल्या घरी नेलं.

त्याची बायको ब्रेना. पाहुणे आले हे कळताच शेजारीपाजारी जमले आणि चुलीभोवती बसले. पण कोणी बोलेना. प्रत्येक जण आपापल्या बुटांकडे पाहत होता. वसुमतीला वाटलं, आपलं येणं यांना रुचलं नाही. ती अंग चोरून बसली. दर्याजी त्यांच्याच बोलीत पुटपुटला, “सगळे मूग गिळून बसलेत.”

मग ब्रेना पुढे झुकली. वसुमतीच्या पायांकडे बोट दाखवून म्हणाली, “पोरी, हे काय घातलंस पायांत? या वहाणांनी चार पावलं गेलीस तर बोटं गळून पडतील!”

दर्याजीने शब्द सांगितले. वसुमतीला हसू फुटलं. मग सगळेच हसले, एकाने लोकरीचे मोजे काढून दिले, दुसऱ्याने मासळीचं कालवण आणलं, आणि जो तो बोलू लागला. कोणीतरी कौतुकाने म्हणालं, “ब्रेनाने बर्फ फोडला.”

ते शब्द वसुमतीने दांडीवरून हजारदा ऐकले होते. तिने खिडकीतून बंदराकडे पाहिलं. होडीने उघडलेली काळी वाट अजून तशीच होती. तिला कोणी अर्थ सांगितला नाही, आणि तिने विचारलाही नाही.

ब्रेनाला मात्र दर्याजीच्या बोलण्याचं कोडं पडलं होतं. “मघाशी तू काय म्हणालास? आम्ही काय गिळलं?” दर्याजीने मूग म्हणजे काय ते सांगितलं, कसे असतात तेही सांगितलं, पण माणसं ते गिळून गप्प का बसतात हे त्याला काही सांगता येईना. ब्रेना म्हणाली, “विचित्र लोक आहात.”

हिवाळाभर वसुमती तिथे राहिली. जाळी विणायला शिकली, मासळी खारवायला शिकली, आणि बोलायलाही शिकली. एक दिवस ओरिन धक्क्यावर सगळ्यांसमोर शेजाऱ्यावर ओरडला: माझं जाळं तू कापलंस, तू चोर आहेस. शेजारी निघून गेला. दुसऱ्या दिवशी ओरिनने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की दुरुस्त केलेलं जाळं समुद्रातला एक सील प्राणी दातांनी फाडतो आहे. तो घरी आला, जेवला नाही. वसुमती म्हणाली, “शेजाऱ्याच्या घरी जाऊन हळूच सांगा ना.”

“हळूच चालत नाही,” ओरिन म्हणाला. “जिथे उभं राहून बोललो, तिथेच उभं राहून, तेवढ्याच मोठ्याने.”

तो धक्क्यावर गेला. लोक जमले होते, शेजारीही होता. ओरिनचा चेहरा लालबुंद झाला. तो ओरडला, “मी याला चोर म्हणालो. मी चुकलो. माझा शब्द मी मागे घेतो.” कोणी हसलं नाही. शेजाऱ्याने त्याच्या हातात गरम कालवणाचा वाडगा दिला आणि म्हणाला, “शब्द खाल्लेस. आता हे खा.”

वसुमती धक्क्यावर उभी राहून ओरिनला जेवताना पाहत राहिली. कालपेक्षा तो लहान दिसत नव्हता. तिला आपल्या वडिलांची आठवण झाली आणि तिने घाईने मान वळवली.

राहिला हत्ती. त्या बेटावर कोणी हत्ती पाहिलाच नव्हता. वसुमती ज्याला त्याला विचारी, आणि जो तो म्हणे, “ते विचारायचं नसतं.” ब्रेनाकडे रोज जेवायला बसताना एक पान जास्त वाढलं जाई. कोणी त्याच्याकडे पाहत नसे, जेवण झाल्यावर ब्रेना ते मुकाट्याने उचलून ठेवी. घरात राहून राहून वसुमतीलाही त्याला वळसा घालून बसायची सवय लागली होती. हिवाळा सरत आला होता, फाल्गुन जवळ येत होता. त्या दिवशी तिच्याने राहवलं नाही.

“आजी, हे पान कोणाचं?”

ओरिनने चमचा खाली ठेवला. मग तो बोलला. “लेफचं. आमच्या मुलाचं. होडी मी बांधली होती. फळीत चीर होती, मला दिसली होती. चालेल म्हणालो.” आणि तो म्हातारा लहान मुलासारखा रडू लागला.

ब्रेना उठली, नवऱ्याचं डोकं पोटाशी धरून उभी राहिली. मग म्हणाली, “मला ठाऊक होतं. तुला ठाऊक होतं. सगळ्या बेटाला ठाऊक होतं. एवढी वर्षं या खोलीत हत्ती होता, आणि आम्ही भिंतीला चिकटून चालत होतो.”

वसुमतीच्या डोळ्यांसमोर बंद खोलीचं कुलूप उभं राहिलं, खाली मान घातलेला प्रधान दिसला, आणि सगळ्यांत स्पष्ट दिसली ती स्वतः. आईच्या पंखाला टेकून बसलेली, सगळं माहीत असलेली, अर्थ विचारत सात समुद्र ओलांडून आलेली. तिला स्वतःची लाज वाटली. दुसऱ्या दिवशी सकाळी गलबत निघालं.

ती महालात पोचली तेव्हा फाल्गुन लागला होता. उत्तरेकडे जाणाऱ्या पहिल्या थव्याचा आवाज आकाशात येत होता. दिवाणखान्यात दरबार भरला होता. खिडक्या राजाने बंद करवल्या होत्या, आणि पाखरू काचेवर पंख आपटत होतं. राजा सिंहासनावर बसला होता. राजाने तोंड उघडल्याशिवाय दरबारात कोणी बोलायचं नाही, असा नियम होता. राजाचं तोंड उघडत नव्हतं. मुलीने काय आणलं असेल, याची त्याला भीती वाटत होती. सगळे जाजमाकडे पाहत उभे होते.

वसुमती पुढे आली. म्हणाली, “बाबा, किती वाळलात! अंगरखा खांद्यावरून ओघळतोय.”

दरबार दचकला. पण राजाने अंगरख्याकडे पाहिलं, खांद्यावर सारखा केला, आणि म्हणाला, “अन्न गोड लागत नाही, पोरी. तुझे हात केवढे फाटलेत!” प्रधानाच्या तोंडून नकळत निघालं, “बसा, राजकुमारी, दमला असाल.” कोणीतरी पाणी आणलं. बर्फ फुटला होता. त्याच क्षणी पाखराचे पंजे गळाले आणि त्यांच्या जागी बाईची दोन पावलं आली. पाखरू जमिनीवर उभं राहिलं. भुजंगनाथ म्हणाला, “एक झालं.”

वसुमती थांबली नाही.

“महाराज, आईसाहेबांना दृष्ट लागली नव्हती. त्यांना आपण पाखरू केलंत. माझ्या उशाशी उभं राहून आपण शब्द काढलात. मी जागी होते. हे प्रधानजींना ठाऊक आहे, इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मलाही होतं, आणि मीही बोलले नाही.”

पहारेकऱ्यांचे हात भाल्यांवर गेले. राजाचा चेहरा पांढरा पडला. वर आकाशात थवा ओरडला, पाखराने शेवटच्या वेळी पंख उघडले, आणि ते पंख नव्हते, हात होते. गोरे, कोपरापर्यंत बारीक पिसांचे हात. ते हात काचेवरून खाली आले. थवा महालावरून निघून गेला. भुजंगनाथ म्हणाला, “दोन झाली. तिसरं माझ्या हातात नाही, राजकुमारींच्याही नाही.”

“आपले शब्द खा,” पाखरू म्हणालं.

वसुमतीने बेटावरची रीत सांगितली: जिथे बोललो, तिथेच उभं राहून, तेवढ्याच मोठ्याने.

प्रधान हात जोडून पुढे आला. “महाराज, हे होणे नाही. शब्द मागे घेतलात तर उद्या आपला हुकूम कोण मानील? पणजोबांच्या वेळी साक्षात सूर्य...”

“सूर्याचं मला ठाऊक नाही,” राजा म्हणाला. तो सिंहासनावरून उतरला.

बंद खोलीचं कुलूप गंजलं होतं, ते फोडावं लागलं. आत छोटा पलंग तसाच होता. वसुमतीने पाखराला हाताला धरून आत आणलं. राजा पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिला, जिथे त्या दिवशी उभा होता. दरवाज्यात दरबार गोळा झाला, आचारी आले, मोतद्दार आला. राजाने तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना. दुसऱ्यांदा उघडलं. तिसऱ्या खेपेला तो ओरडला, इतक्या मोठ्याने की गजशाळेतले हत्ती उठून उभे राहिले.

“मी म्हणालो, हिच्या तोंडून दुसरं काही न निघो! मी चुकलो! माझा शब्द मी मागे घेतो! आणि सीमेवरच्या नदीत यापुढे कोणी चूळ भरणार नाही!”

आभाळ कोसळलं नाही. भुजंगनाथाने अंगारा फुंकला. राखी पिसं जमिनीवर पडली, दासींनी ती झाडून काढली. पाखराच्या जागी राणी उभी होती. केस पांढरे झाले होते, डोळे थकले होते. तिने पुढे होऊन लेकीचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि आपल्या बेटाच्या बोलीत एक वाक्य बोलली.

दर्याजी सवयीने पुढे सरसावला. “शब्द असे आहेत, महाराज: ‘दुखऱ्या डोळ्यांना हे दिसलं.’ राणीसाहेबांच्या डोळ्यांना काही झालंय का, कोण जाणे.” राजवैद्यांनी डोळ्यांचा लेप आणायला माणूस पिटाळला.

वसुमती रडत होती आणि हसत होती. फार दिवसांनी परतलेलं आपलं माणूस दारात दिसलं की बेटावरचे लोक हेच म्हणत. राजाने तिच्याकडे पाहिलं, मग राणीकडे पाहिलं. राणीला इकडची बोली येत होती. तिच्या ओठांवर आता कोणतंच बंधन नव्हतं. तरीही ती आपल्याच बोलीत बोलली, हे त्याच्या ध्यानात आलं. एवढ्या वर्षांच्या संसारात त्याने जे कधी विचारलं नव्हतं, ते विचारलं.

“याचा अर्थ काय?”

“सांगून कळणार नाही, बाबा,” वसुमती म्हणाली. “जवळ बसावं लागेल.”

राजा जमिनीवर बसला, पिसं झाडलेल्या जागी, मांडी घालून. राणीने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. तिला लगेच क्षमा करता आली नाही, आणि केल्याचं तिने दाखवलंही नाही. मग तीही पलंगाच्या कडेवर टेकली आणि तेच वाक्य पुन्हा म्हणाली, या खेपेला सावकाश, एकेक शब्द सुटा करून.